इंग्रजीचा गृहपाठ घेताना या चुका टाळा

मूल अडलं की आपण वाक्याचा मराठी अर्थ सांगतो. अर्थ कळण्यापुरतं ते ठीकच आहे. पण उत्तरही मराठीच्याच वळणाने काढायला लावलं, तर चूक तिथेच होते. मग लाल रेघ पडते आणि मुलाला वाटतं की आपल्याला व्याकरण जमतच नाही.

इनडायरेक्ट स्पीच

म्हणजे दुसऱ्याचं बोलणं अवतरणचिन्हं काढून आपल्या वाक्यात सांगणं. सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. वाक्य घ्या: रवी सेड, ‘आय विल कम टुमॉरो.’ मूल लिहितं, ‘रवी सेड दॅट आय विल कम टुमॉरो.’ त्याचं चुकतंय कुठे? ‘रवी म्हणाला की मी उद्या येईन’ हे मराठीत अगदी बरोबर आहे. मराठीत ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात, इंग्रजीत मात्र ‘दॅट’नंतर सांगणाऱ्याच्या बाजूने बोलावं लागतं. मुलाने लिहिलेल्या वाक्यात रवी येणार नाही, लिहिणाराच येणार असा अर्थ होतो! हा फरक मुलाला एकदा मोकळेपणाने सांगा, नियम नंतर पाठ होतील.

मग क्रम ठरवून घ्या. आधी अवतरणाबाहेरचं क्रियापद पाहायचं: ‘सेज’ असेल तर काळ बदलत नाही, ‘सेड’ असेल तर सहसा बदलतो. त्यानंतर सर्वनाम, मग क्रियापद, शेवटी वेळेचा शब्द. प्रत्येक बदलाखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावा. उत्तर येईल: ‘रवी सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.’ सूर्य पूर्वेला उगवतो अशा कायम सत्याचा काळ मात्र तसाच ठेवतात.

प्रश्नार्थक वाक्यात आणखी एक खड्डा आहे. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ याचं ‘ही आस्क्ड मी व्हेअर डिड आय लिव्ह’ असं करू नये. ‘व्हेअर आय लिव्ह्ड’ लिहायचं, कारण आता तो प्रश्न राहिलेला नाही, प्रश्नचिन्हही जातं.

पॅसिव्ह व्हॉइस

म्हणजे कर्माला कर्त्याच्या जागी आणणारी वाक्यरचना. ‘रवीने आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली’ इथे मराठी क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, म्हणून मुलाला हे वाक्य आधीच पॅसिव्ह वाटतं. तेव्हा मराठीवरून शोधूच नका, क्रियापदातले शब्द मोजा. साध्या होकारार्थी वाक्यात पॅसिव्ह करताना एक शब्द वाढतो: ‘ईट्स’चं ‘इज ईटन’, ‘इज ईटिंग’चं ‘इज बीइंग ईटन’, ‘हॅज ईटन’चं ‘हॅज बीन ईटन’. शब्द वाढला नसेल तर कुठेतरी ‘बी’चं रूप (इज, बीइंग, बीन असं) राहिलंय. आणि ‘स्लीप’सारख्या क्रियापदाला कर्मच नसतं, त्याचं पॅसिव्ह होत नाही.

क्वेश्चन टॅग

म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेला छोटा प्रश्न. मराठीत सगळीकडे ‘ना?’ चालतं. इंग्रजीत मात्र होकारार्थी वाक्याला नकारार्थी आणि नकारार्थी वाक्याला होकारार्थी टॅग लागतो. ‘हार्डली’, ‘नेव्हर’, ‘सेल्डम’ हे शब्द नकारार्थीच धरतात, म्हणून ‘ही नेव्हर कम्स, डझ ही?’ असं लिहायचं. ‘लेट्स गो’ला ‘शॅल वी?’ लागतं.

कविता

गाईडमधलं रसग्रहण उतरवून देऊ नका. कविता दोनदा मोठ्याने वाचून घ्या, कारण यमक आणि अनुप्रास कानाने कळतात. अनुप्रास म्हणजे अ‍ॅलिटरेशन शोधताना मुलं स्पेलिंगचं पहिलं अक्षर पाहतात. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्हींचं पहिलं अक्षर सी, पण ध्वनी वेगळे, म्हणजे अनुप्रास नाही. उलट ‘किंग’ आणि ‘कॅट’मध्ये अक्षरं वेगळी असूनही तो आहे. शंका आली की शब्द देवनागरीत लिहून पाहा: स आणि क लगेच वेगळे दिसतात. आपल्या लिपीचा हा मोठाच उपयोग आहे.

यमकयोजनेतही, म्हणजे यमक जुळणाऱ्या ओळींना ए, बी अशी अक्षरं देतानाही, तेच. ‘कम’ आणि ‘होम’ यांच्या स्पेलिंगचा शेवट सारखा आहे म्हणून दोघांना ‘ए’ देऊ नका. ‘काइट’ आणि ‘नाइट’चं स्पेलिंग जुळत नसलं तरी दोघांना एकच अक्षर द्यायचं.