जेंटूवर -मार्च=नेटिव्ह कसं लावायचं, आणि ते कुठे अंगाशी येतं

जेंटू लिनक्स टाकायला घेतलं की पहिला मोह हाच होतो, सगळं आपणच कंपाइल करतोय ना (म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम बनवतोय), मग आपल्या प्रोसेसरच्या मापाचंच शिवून घेऊ की. करता येतं, अवघडही नाही: कंपायलरला -मार्च=नेटिव्ह सांगितलं की तो याच मशीनच्या प्रोसेसरसाठी कोड बनवतो. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका. आणि हा मार्च म्हणजे महिना नाही, मशीनचं आर्किटेक्चर.)

आधी एलएससीपीयू चालवून प्रोसेसर कुठलाय ते बघा, फ्लॅग्सच्या लांबलचक यादीत एव्हीएक्स२ (एका दमात बरेच आकडे हाताळणाऱ्या सूचना) आहे का तेही बघा. इंटेलमध्ये ते २०१३ च्या हॅसवेलपासून आलं, पण स्वस्तातल्या पेंटियम-सेलेरॉनला त्यानंतरही बरीच वर्षं मिळालं नाही, त्यामुळे खरेदीचं साल बघून अंदाज बांधू नका. मग जीसीसीलाच, म्हणजे कंपायलरलाच, विचारा: जीसीसी -मार्च=नेटिव्ह -क्यू --हेल्प=टार्गेट. यात मार्चच्या ओळीपुढे स्कायलेक, झेडएनव्हर३ असं जे नाव येईल ते कुठेतरी लिहून ठेवा, पुढे लागतं.

आता ईटीसीतल्या पोर्टेज (जेंटूचा पॅकेज मॅनेजर) फोल्डरात मेक.कॉन्फ ही सेटिंग्जची फाइल उघडा. कॉमन फ्लॅग्सच्या ओळीत -ओ२ -पाइप आधीपासून असतं, त्याच्या अलीकडे -मार्च=नेटिव्ह टाका, बस्स. सीफ्लॅग्स, सीएक्सएक्सफ्लॅग्स (सी आणि सी++ साठीच्या सूचना) तिथूनच उचलतात. रस्टवाल्यांसाठी रस्टफ्लॅग्समध्ये -सी टार्गेट-सीपीयू=नेटिव्ह अशी वेगळी ओळ लागते. इथे हात शिवशिवतात आणि माणूस -ओ३, -एफफास्ट-मॅथ असं काय काय कोंबायला लागतो. नका करू. -एफफास्ट-मॅथ दशांशी गणिताचे नियमच ढिले करतं, त्यामुळे एखादा प्रोग्राम क्रॅश न होता गुपचूप चुकीचं उत्तर देऊ शकतो, आणि ते शोधण्यात आठवडा जातो.

नंतर सीपीयूआयडी२सीपीयूफ्लॅग्स नावाचं छोटं टूल इन्स्टॉल करा, ते जी ओळ देईल ती पॅकेज.यूजमध्ये सगळ्या पॅकेजेससाठी लावा. हे बरेच जण विसरतात. मार्च फक्त कंपायलरला सांगतं, पण काही पॅकेजेसमध्ये हाताने लिहिलेला असेंब्ली कोड असतो, तो चालू-बंद होतो या यूज फ्लॅग्सवर (पॅकेजमधल्या सोयी चालू-बंद करायची जेंटूची बटणं).

कर्नलचं प्रकरण वेगळं, तो मेक.कॉन्फमधल्या सीफ्लॅग्सकडे ढुंकूनही बघत नाही. ६.१६ पासून त्याच्या कॉन्फिगमध्येच नेटिव्ह सीपीयूचा पर्याय आलाय, हवा असेल तर तिथे टिक करा.

शेवटी इमर्ज --एम्प्टीट्री @वर्ल्ड, म्हणजे सगळं नव्याने बिल्ड. मेकऑप्ट्समध्ये जितके जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) द्याल तितक्यांना प्रत्येकी साधारण २ जीबी रॅम धरा, ८ जीबीच्या मशीनवर -जे४ च्या वर जाऊ नका. रात्री लावून झोपा.

आता अंगाशी कसं येतं ते. मी एकदा लॅपटॉपची एसएसडी काढून घरच्या जुन्या डेस्कटॉपला लावली, म्हटलं लिनक्सच तर आहे, चालेल. कर्नल बूट झाला आणि इनिट (कर्नलनंतरचा पहिला प्रोग्राम) सुरू होताच पॅनिक. लाइव्ह यूएसबीवरून सीएचरूट करायला (त्या डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरायला) गेलो तर बॅशच म्हणतो इल्लीगल इन्स्ट्रक्शन, म्हणजे दुरुस्तीला लागणारा जीसीसीही त्याच मापाचा, तोही चालणार नाही! एसएसडी परत लॅपटॉपला लावली, -मार्च=एक्स८६-६४ (कुठल्याही ६४-बिट इंटेल-एएमडीला चालणारं) केलं, त्या यूज फ्लॅग्सची ओळ आणि रस्टफ्लॅग्सही काढले (एक जरी राहिलं तरी परत तेच), सगळं पुन्हा बिल्ड केलं, तेव्हा कुठे डेस्कटॉपवर चाललं. दीड दिवस गेला.

डिस्टसीसी वापरून दुसऱ्या मशीनकडून कंपाइल करून घेत असाल तर नेटिव्ह लिहूच नका, कारण नेटिव्ह दिसलं की डिस्टसीसी काम तिकडे पाठवतच नाही, सगळं इथेच कंपाइल करतं. मघाशी लिहून ठेवलेलं नाव इथे टाकायचं.

वेग किती वाढतो म्हणाल, तर ब्राउझर उघडताना काही जाणवत नाही. एफएफएमपेग, एक्स२६४ सारखी व्हिडिओवाली मंडळी तर चालू होताना प्रोसेसर ओळखून योग्य तो कोड स्वतःच निवडतात, तिथे फ्लॅगने फारसा फरक पडत नाही. फरक पडला तर स्वतःच्या आकडेमोडीच्या प्रोग्राममध्ये, तोही मोजून बघा. आणि घरात दोन-तीन मशीन असतील, डिस्क इकडची तिकडे होत असेल, तर जीसीसी ११ पासून -मार्च=एक्स८६-६४-व्ही३ चालतं, एव्हीएक्स२ वाली सगळी नेहमीची मशीन त्यात बसतात. मी आता तेच ठेवलंय.