प्रतिज्ञेतलं सौजन्य रात्री ग्रुपवर कुठं जातं? शाळांनो, या चुका टाळा

रोज सकाळी परिपाठाला आमची सगळी पोरं हात पुढे करून म्हणतात 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन', आणि त्यातलीच काही रात्री साडेदहाला 'नववी ब ऑफिशियल' नावाच्या ग्रुपवर वर्गातल्याच कुणाच्या तरी फोटोचं स्टिकर बनवून फिरवत असतात. ग्रुपचं नाव ऑफिशियल, आत शिक्षक एकही नाही. मी नववीचा वर्गशिक्षक, बरीच वर्षं झाली, आणि पोरांचा हा ऑनलाईन छळ हाताळताना शाळांच्या ज्या चुका होतात त्या खाली लिहितोय, त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात, त्यामुळे कुणी मनाला लावून घेऊ नका.

आधी एक गोष्ट. पोरं सांगत नाहीत. आणि ती लाजतात म्हणून सांगत नाहीत असं आपण समजतो पण तसं नसतं, सांगितल्यावर काय होतं हे त्यांनी आधीच्या कुणाच्या तरी बाबतीत बघितलेलं असतं. फोन गेला, घरी मार बसला, दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलं. एवढं बघितल्यावर कोण कशाला तोंड उघडेल?

फ्लेक्स लावला, फोटो काढला, काम झालं

फेब्रुवारीत दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सेफर इंटरनेट डे असतो, १३ नोव्हेंबरला जागतिक दयाळूपणा दिन. शाळा काय करते तर फ्लेक्स, पोस्टर स्पर्धा आणि मैदानावर पाहुण्यांचं दीड तासाचं भाषण, मागच्या रांगेला काही ऐकू येत नाही, पुढची रांग उन्हात. पोस्टरवर दरवेळी तोच टोपीवाला काळा हॅकर आणि लाल कवटी. अहो पण आमच्या पोरांना त्रास देणारा हॅकर कधीच नसतो, तो शेजारच्या बाकावर बसतो आणि मधल्या सुट्टीत त्याच डब्यातली चटणी खातो.

त्यापेक्षा वर्गशिक्षकाने आपल्याच वर्गात वीस मिनिटं बोलावं. एकच प्रसंग घ्यायचा, तोही खोटा किंवा नाव-गाव बदललेला. एकाने दुसऱ्याचा झोपलेला फोटो सहलीच्या बसमध्ये काढला आणि ग्रुपवर टाकला, मग कोण हसलं, कोण गप्प बसलं, कुणी पुढे पाठवला, आणि ज्याचा फोटो होता तो दुसऱ्या दिवशी शाळेत का आला नाही. पोरं आपणहून बोलायला लागतात. सौजन्य हा शब्द फळ्यावर लिहावासुद्धा लागत नाही.

'फोन आणायचाच नाही' म्हणजे प्रश्न मिटला

शाळेच्या वेळेत फोन नको, हा नियम मलाही पटतो. पण जे घडतं ते शाळा सुटल्यावर घडतं आणि दुसऱ्या दिवशी दप्तरातून वर्गात येतं. आणि हा फोन पोरांच्या हातात मार्च २०२० नंतर आपणच दिलाय, ऑनलाईन तासासाठी, तेव्हा पालकांनी कर्ज काढून फोन घेतले, आता त्यांनाच 'फोन कशाला दिला' म्हणून ओरडण्यात काय अर्थ आहे.

एका मुलीच्या नावाने कुणीतरी इन्स्टावर खोटं अकाऊंट काढलं होतं. तिने तीन आठवड्यांनी सांगितलं. का उशीर केलास विचारलं तर म्हणाली, सर, आई फोन काढून घेईल आणि मग क्लासच्या नोट्स कशा मिळणार. मी त्या दिवशी शिकलो. आता वर्षाच्या पहिल्या पालकसभेतच मी सांगतो, आणि लेखी देतो, की जो तक्रार करेल त्याचा फोन शाळा घेणार नाही आणि पालकांनीही घेऊ नये. पालकांना हे पटत नाही लगेच. 'मग ती इन्स्टावर गेलीच कशाला' हे वाक्य एक तरी काकू म्हणतातच. त्यांना एवढंच विचारायचं, की रस्त्यात कुणी छेड काढली तर पोरीचं बाहेर जाणं बंद कराल की छेड काढणाऱ्याला धराल?

हो, तेरा वर्षांच्या आतल्या मुलांना इन्स्टा आणि व्हॉट्सॲपवर स्वतः खातं काढायला कंपन्यांच्याच नियमाने परवानगी नाही, हे पालकांना माहीत नसतं. पाचवी-सहावीच्या पालकांना मुद्दाम सांगा. पण नववीच्या मुलीला त्रास होत असताना हा नियम काढू नका, जखमेवर मीठ.

घाबरून सगळं डिलीट करणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. मुलगा रडत येतो, शिक्षक म्हणतात 'डिलीट कर, ब्लॉक कर, विषय संपव', आणि दोन दिवसांनी तोच विषय वाढून परत येतो तेव्हा हातात काही नसतं. क्रम असा ठेवा:

आधी स्क्रीनशॉट. त्यात पाठवणाऱ्याचं युजरनेम किंवा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. प्रोफाईलची लिंक कॉपी करून ठेवा, कारण नाव रात्रीत बदलता येतं. गायब होणारे मेसेज चालू असतील तर व्हॉट्सॲपवर ते चोवीस तासांतही जाऊ शकतात, म्हणून उद्या बघू म्हणू नका. मग ॲपमध्ये रिपोर्ट करायचं, आणि ब्लॉक सगळ्यात शेवटी.

काही पोरं ब्लॉक करायला घाबरतात, कारण समोरच्याला कळतं आणि शाळेत तो आणखी त्रास देतो. इन्स्टावर त्यासाठी 'रिस्ट्रिक्ट' आहे, समोरच्याने केलेली कमेंट त्याची त्यालाच दिसते, बाकीच्यांना नाही, आणि त्याला पत्ता लागत नाही. तसंच व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'ग्रुप्स' मध्ये जाऊन 'माय कॉन्टॅक्ट्स' केलं की अनोळखी माणूस सरळ ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. ग्रुप सोडला तर २०२२ पासून नोटिफिकेशन फक्त ॲडमिनला जातं, पूर्वीसारखी सगळ्यांसमोर शोभा होत नाही, हे अर्ध्या पोरांना माहीतच नसतं आणि केवळ त्या भीतीने ती घाणेरड्या ग्रुपमध्ये पडून राहतात.

आता महत्त्वाचा अपवाद, आणि इथं शिक्षकच अडकतात. मुलाचा किंवा मुलीचा कपड्यांशिवायचा किंवा तसा मॉर्फ केलेला फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढायचा नाही, स्वतःच्या फोनवर मागवायचा नाही, 'मुख्याध्यापकांना दाखवतो' म्हणून फॉरवर्ड तर अजिबात नाही. अठराखालच्या मुलांचं असं चित्र गोळा करणं, पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बी खाली गुन्हा आहे आणि तुमचा हेतू चांगला होता हे तुम्ही नंतर सांगत बसाल. युजरनेम, लिंक, वेळ कागदावर लिहा, फोन आहे तसा ठेवा, पालकांना बोलवा आणि पोलिसांकडे जा. पॉक्सो कायदा, २०१२, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. 'शाळेची बदनामी होईल' म्हणून आतल्या आत मिटवणारे संस्थाचालक मी बघितलेत, त्यांना हे कलम छापून टेबलाच्या काचेखाली ठेवायला द्या.

फोटो पसरायची भीती असेल तर 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सोय आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची. अठराच्या आतल्या वयात काढलेल्या फोटोसाठीच आहे ती. फोटो कुठं अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तो ठसा सहभागी प्लॅटफॉर्मना जातो, मग ते तसा फोटो शोधून हटवतात. व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटमध्ये फिरणाऱ्या फोटोला मात्र याचा उपयोग नाही.

आणि ते नंबर. प्रत्येक शाळेच्या भिंतीवर सगळ्याच गोष्टींसाठी १९३० लिहिलेलं असतं. १९३० हा मुख्यतः पैशाच्या फसवणुकीचा नंबर आहे, म्हणजे गेमचे डायमंड घेताना बाबांच्या यूपीआयमधून पैसे गेले तर तिथं ताबडतोब फोन, उशीर केला तर पैसे पुढे सरकतात. बाकी तक्रारी सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर, तिथं महिला आणि मुलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे. मूल संकटात असेल तर १०९८. मूल जगण्याबद्दलच वाकडं बोलायला लागलं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, १४४१६, पण नंबर हातात देऊन त्याला एकटं सोडायचं नाही, आपण शेजारी बसायचं आणि घरच्यांना तेव्हाच बोलवायचं.

फिशपॉन्ड

यावर माझी आणि स्टाफची दरवर्षी भांडणं होतात. स्नेहसंमेलनाला किंवा दहावीच्या निरोपाला फिशपॉन्ड असायचेच आमच्याकडे. पेटीत निनावी चिठ्ठ्या, आणि स्टेजवर माईकवरून कुणाच्या रंगावर, कुणाच्या वजनावर, कुणाच्या तोतरेपणावर दोन ओळी, मग सभागृह हसतंय आणि ज्याच्यावर आहे तो पण हसतोय, कारण न हसून सांगणार कुणाला. माझ्यावरही पडलाय एक, पस्तीस वर्षं झाली, शब्दन् शब्द पाठ आहे.

आता मला सांगा, इन्स्टावरचं शाळेच्या नावाचं 'कन्फेशन पेज' म्हणजे दुसरं काय आहे? निनावी चिठ्ठी, पेटी आणि माईक. आपणच स्टेजवर शिकवलं, पोरांनी ते फोनवर नेलं. पेज बंद करा म्हणून आपण ओरडतो आणि जानेवारीत परत पेटी मांडतो. जुने शिक्षक म्हणतात 'अहो गंमत असते, पोरांना सवय पाहिजे'. सवय पाहिजे हे मला मान्य नाही, पण गंमत पाहिजे हे मान्य आहे, म्हणून दोन वर्षं झाली आम्ही चिठ्ठीखाली लिहिणाऱ्याचं नाव सक्तीचं केलं. चिठ्ठ्या एकदम निम्म्या झाल्या. आणि ज्या आल्या त्या खरंच हसवणाऱ्या होत्या, दोन तर माझ्या स्कूटरवर.

शिक्षकांचं पण तेच. तपासलेल्या पेपरातलं एखादं येडं उत्तर फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचं, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. कुणीतरी ते बाहेर पाठवतंच, आणि अक्षरावरून पोरं ओळखतात कुणाचा पेपर आहे ते. वर्गात 'काय रे दगड' म्हणणं वेगळंच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे, कायदा २००९ चा, लागू एप्रिल २०१० पासून.

केबिनमध्ये बोलावून हात मिळवायला लावणं

दोघांना समोरासमोर उभं करायचं, 'सॉरी म्हण', 'मिळवा हात', 'जा वर्गात'. पाच मिनिटांत निकाल. त्रास झालेल्या पोराला त्यात कळतं की सांगून उपयोग नाही, आणि त्रास देणाऱ्याला कळतं की सांगितलं कुणी. दोघांशी वेगवेगळं बोला, वेगळ्या दिवशी बोललात तरी चालेल. त्रास देणाऱ्याच्या घरी काय चाललंय तेही कळतं कधी कधी, माफ करायला नव्हे पण कळायला पाहिजे.

आणि बाकीच्या वर्गाचं काय? फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात 'किवा' नावाचा शाळांसाठीचा कार्यक्रम तयार झाला, त्याचा मोठा भर बघ्यांवर आहे. किवा म्हणजे त्यांच्या भाषेत छान. त्यांचं म्हणणं असं की छळणारा प्रेक्षकांसाठी छळतो, प्रेक्षक गेले की मजा गेली. ग्रुपवर तर हे डोळ्यांना दिसतं, मेसेज एकाचा असतो आणि खाली सतरा हसणारी तोंडं. मी पोरांना हिरो व्हायला सांगत नाही, ग्रुपवर भांडायला तर नाहीच, त्यात आपलं स्टिकर व्हायची भीती असते आणि ती खरी आहे. हसण्याचा इमोजी टाकू नकोस, आणि ज्याच्यावर चाललंय त्याला वेगळा एक मेसेज कर, 'उद्या डबा खायला ये आमच्यात'. बस.

शाळेचाच ग्रुप गळका

अपार आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशभरातल्या ओळख क्रमांकासाठी, आधारचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर मागवणारी शाळा सायबर सुरक्षेचा तास घेते तेव्हा मला हसू येतं. दोनशे लोकांच्या ग्रुपवर जन्मतारीख, आधार, आईचं नाव. मुलींचे नंबर तिथूनच बाहेर जातात. कागद प्रत्यक्ष घ्या नाहीतर वर्गशिक्षकाला एकट्याला पाठवायला सांगा. सूचनांसाठी व्हॉट्सॲप कम्युनिटीचा अनाऊन्समेंट ग्रुप वापरा, त्यात पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गुणांची अख्खी यादी ग्रुपवर टाकू नका, नापास झालेल्याचं स्टिकर तिथूनच सुरू होतं.

जयंत्या आणि निवडणुकांच्या दिवसांत स्टेटसवरून जी भांडणं होतात त्याबद्दल कुणी लिहीत नाही. आडनाव बघून टोमणे, गाण्याला गाण्याने उत्तर, आणि दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडवर मारामारी. 'पोरं आहेत' म्हणून सोडू नका आणि जात हा शब्द टाळून 'वाद' असं मोघम लिहूही नका. ज्याच्यावर टोमणा होता त्याला तो नेमका कशावर होता ते पूर्ण माहीत असतं.

पेटी आहे, पण कॅमेऱ्याखाली

तक्रारपेटी प्रत्येक शाळेत असते, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही २०२२ पासून कागदावर असते. आमची पेटी ऑफिसच्या दारात होती, वर सीसीटीव्ही, समोर शिपाई मामांची खुर्ची. वर्षभरात तीन चिठ्ठ्या, त्यातल्या दोन खिचडीत मीठ जास्त म्हणून. पेटी ग्रंथालयाच्या आतल्या कोपऱ्यात हलवली आणि परिपाठात सांगायला लागलो की 'मागच्या आठवड्यात चार चिठ्ठ्या आल्या, दोनांचं काम झालं', नाव नाही, प्रकरण नाही, नुसता आकडा. मग चिठ्ठ्या यायला लागल्या.

शेवटची चूक म्हणजे प्रकरण मिटलं असं रजिस्टरला लिहून पान उलटणं. खोटं अकाऊंट बंद झालं तरी बाकावर त्या मुलीच्या शेजारची जागा अजून रिकामीच असते. मी डायरीत पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहून ठेवतो आणि त्या दिवशी 'आता बरं आहे ना' असं विचारत नाही, त्याला सगळी हो म्हणतात. मी विचारतो, डबा कुणाबरोबर खातेस?