सर्व्हेवाले आपल्याला का विचारत नाहीत?

सांगलीत विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर दर इलेक्शनला हेच ऐकू येतं, "आमाला कुणी इचारलंच नाही, मग टीव्हीवर आकडे आले कुठनं?" तर बघा, चांगल्या ओपिनियन पोलमध्ये आपल्याला स्वतःहून नाव देऊन घुसता येत नाही, ते आपल्याला निवडतात. लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेसारखे लोक मतदार यादीतनं ठराविक अंतराने नावं उचलतात आणि घरी येऊन विचारतात, म्हणून आधी यादीत नाव आणि पत्ता बरोबर आहे का ते निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर नाहीतर त्यांच्या १९५० हेल्पलाइनला फोन करून बघा. काही सर्व्हेवाले फोन करून विचारतात, तो अनोळखी कॉल आपण कट करतो आणि वर परत तक्रार.

कुणी आलंच तर संस्थेचं नाव, ओळखपत्र विचारा, नाव गुप्त राहणार का तेही विचारा, आणि मग खरं काय ते सांगा, शेजारचा ऐकतोय म्हणून वेगळं नको. नको वाटलं तर सरळ नाही म्हणायचं. पण ओटीपी, आधार, बँक खातं मागितलं की समजायचं काहीतरी गडबड आहे, फोन ठेवून द्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या पोलला खुशाल बोट लावा, पण तो टाइमपास, कारण तिथं ग्रुपातलेच लोक असतात.