फ्रेम ड्रॉप होतायत? लॅपटॉपला शिव्या द्यायच्या आधी पोर्ट बघा

व्हिडिओ रेकॉर्डिंगची कामं घ्यायला लागलो तेव्हा माझा समज असा की कॅमेरा चांगला आहे, लॅपटॉप चांगला आहे, मधे एक कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र यूएसबीतून लॅपटॉपमध्ये आणणारी डबी) लावलं की झालं. पहिलंच काम दोन तासांच्या लेक्चरचं होतं. घरी येऊन फाईल उघडली तर सर फळ्यावर लिहितायत आणि त्यांचा हात उड्या मारतोय, खडू एका शब्दावर दिसतो आणि पुढच्या क्षणी तिसऱ्याच शब्दावर, आवाज मात्र एकदम सुरळीत. सर भले माणूस म्हणून दुसऱ्यांदा बोलायला तयार झाले, नाहीतर ते काम गेलंच होतं.

मग जे सगळे करतात तेच मीपण केलं. बिटरेट म्हणजे सेकंदाला लिहायचा डेटा कमी केला, एन्कोडर म्हणजे व्हिडिओ दाबून फाईल बनवणारा भाग बदलला, ड्रायव्हर नवे टाकले, एका रात्रीत पंधरा गोष्टी बदलल्या आणि फरक शून्य, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोष होता एका काळ्या, म्हणजे जुन्या यूएसबी २.० च्या पोर्टात.

हे कसं ते समजून घ्यायला थोडं गणित करावं लागतं, पण एकदा करून ठेवलं की जन्मभर उपयोगी पडतं. १९२० गुणिले १०८० म्हणजे साधारण २० लाख ७४ हजार पिक्सेल. वाययूवायटू नावाचा जो कच्चा फॉरमॅट बहुतेक कार्डं देतात त्यात एका पिक्सेलला २ बाइट लागतात, म्हणजे एक फ्रेम झाली ४ एमबीच्या थोडी वर. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर १२४ एमबी, ६० धरल्या तर जवळजवळ २४९ एमबी, आणि हे दर सेकंदाला. यूएसबी २.० चा वेग कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, आणि प्रत्यक्षात ३५-४० मिळाले तरी खूप झालं. त्या नळीतून १२४ एमबी जाणार कुठून? म्हणून कार्ड दोनपैकी एक काहीतरी करतं, एकतर फ्रेम कमी करतं नाहीतर चित्र आधीच दाबून म्हणजे एमजेपेग करून पाठवतं.

नवीन माणसाला जो प्रश्न हमखास पडतो, की १०८० निवडलं की फक्त ५ फ्रेमच का दिसतात आणि ६४० बाय ४८० ला ३० कशा मिळतात, त्याचं उत्तर हेच. ६४० बाय ४८० चे ३० फ्रेम म्हणजे साधारण १८ एमबी, ते आरामात जातं. १०८० चे ५ फ्रेम म्हणजे २१ एमबी, तेही जातं. कार्ड बिघडलेलं नाही, ते बिचारं जेवढं जमतं तेवढंच यादीत दाखवतंय. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रिझोल्यूशन 'कस्टम' करा आणि व्हिडिओ फॉरमॅट वाययूवायटूवरून एमजेपेग करून बघा, तीच यादी एकदम लांब होते, १०८० ला ३० किंवा ६० पण दिसायला लागतात. फक्त एमजेपेगमध्ये प्रत्येक फ्रेम उलगडायचं काम प्रोसेसरवर येतं आणि स्लाइडवरची बारीक लाल अक्षरं कडेला मातकट दिसतात. चेहरा असेल तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण कोड किंवा एक्सेल दाखवायचं असेल तर मी तरी यूएसबी ३ चंच कार्ड वापरतो.

आता पोर्ट. यूएसबी ३ चा पोर्ट बऱ्याचदा आतून निळा असतो, पण सगळ्या कंपन्या रंग पाळत नाहीत, म्हणून रंगावर पूर्ण भरवसा ठेवू नका. टाइप-सी तर त्याहून फसवा. चार्जरसोबत आलेल्या टाइप-सी वायरी बऱ्याचदा आतून यूएसबी २ च्याच असतात, दिसायला अगदी तशाच. माझ्याकडे अशी एक आहे, तिला मी आता लाल दोरा बांधून ठेवलाय. आणि हब! कार्ड आणि बाहेरची हार्ड डिस्क एकाच हबला लावली की दोघं एकाच नळीतलं पाणी पितात. रेकॉर्डिंग त्याच डिस्कवर जात असेल तर मग बोलायलाच नको. कार्ड थेट लॅपटॉपला लावा, डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला.

डब्यावर मोठ्या अक्षरात फोर-के लिहिलेलं असतं त्याचंही सांगतो, त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की कार्ड फोर-के सिग्नल आत घेऊ शकतं, रेकॉर्डिंग १०८० चंच. बारीक अक्षरात इनपुट वेगळं आणि कॅप्चर वेगळं लिहिलेलं असतं ते वाचून मग घ्या, मी वाचलं नव्हतं.

हे सगळं ठीक असूनही फ्रेम जात असतील तर नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला ओबीएसमध्ये स्टॅट्स नावाची खिडकी आहे, ती पहिल्या दिवसापासून उघडी ठेवायची सवय लावा. तिथे तीन वेगवेगळे आकडे असतात आणि लोक तिन्हींना सरसकट 'फ्रेम ड्रॉप' म्हणून मोकळे होतात. रेंडरिंग लॅगमुळे मिस झालेल्या फ्रेम म्हणजे ग्राफिक्स कार्ड दमलंय, सीन हलका करा, मागे गेम चालू असेल तर त्याच्या फ्रेमना मर्यादा घाला. एन्कोडिंग लॅगमुळे स्किप झालेल्या म्हणजे एन्कोडरला झेपत नाहीये, एक्स२६४ हा प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर वापरत असाल तर त्याचा प्रीसेट अजून वेगवान करा किंवा सरळ एनव्हीएन्क, क्विकसिंक असा हार्डवेअर एन्कोडर निवडा. तिसरा आकडा नेटवर्कचा, तो लाईव्ह करत असाल तरच बघायचा, नुसत्या रेकॉर्डिंगशी त्याचा काही संबंध नाही.

आणि मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट अशी की फ्रेम ओबीएसपर्यंत पोचायच्या आधीच, म्हणजे वायरीत किंवा कार्डात गेल्या तर हे तिन्ही आकडे छान शून्य दाखवतात. ओबीएसला वाटतं जुनंच चित्र अजून चालू आहे, ते तीच फ्रेम परत लिहून टाकतं. माझ्या लेक्चरच्या वेळी अगदी हेच झालं होतं, सगळे आकडे शून्य आणि खडू उड्या मारतोय. म्हणून एक घरगुती टेस्ट करतो. मोबाईलवर मिलिसेकंदवाला स्टॉपवॉच लावून तो कॅमेऱ्यासमोर धरायचा, एक मिनिट रेकॉर्ड करायचं आणि एडिटरमध्ये बाणाची की दाबत एकेक फ्रेम पुढे जायचं. ३० फ्रेमला आकडा दर वेळी ३३ मिलिसेकंदांच्या आसपास सरकला पाहिजे. तोच आकडा दोनदा-तीनदा दिसला आणि मग एकदम १०० ने पुढे गेला, तर फ्रेम ओबीएसच्या आधीच गेलीय, पोर्ट आणि वायर बघा. ठरावीक अंतराने, जसं दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम डबल दिसली, तर ते ड्रॉप नाहीच, कॅमेरा ५० वर आहे आणि ओबीएस ६० वर. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा, विषय संपला.

हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा आल्या तर कॅमेऱ्याचं एचडीएमआय आउटपुट १०८० आय वर आहे, म्हणजे एक आड एक रेघा पाठवतंय, मेनूत जाऊन १०८० पी म्हणजे पूर्ण चित्र करा. चित्रच काळं आलं आणि पलीकडे सेट-टॉप बॉक्स किंवा गेमिंग कन्सोल असेल तर तो एचडीसीपीचा म्हणजे कॉपी रोखणारा लॉक आहे, कार्डाला दोष देऊ नका. फाईल ७२० ची आली तर सेटिंग्जमध्ये आउटपुट रिझोल्यूशन बघा, कॅनव्हास म्हणजे ओबीएसमधलं मूळ चित्र १०८० असून आउटपुट ७२० राहिलेलं असतं.

डिस्कची भीती उगाच घालतात लोक. ५० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर सेकंदाला सव्वासहा एमबीच होतात, तासाला साडेबावीस जीबी, साधी हार्ड डिस्कपण खुशाल लिहिते. कच्चं वाययूवायटू लिहायला गेलात तर तासाला जवळजवळ ४५० जीबी, तेव्हा मात्र एसएसडी लागतो. फाईल एमकेव्हीत ठेवा, मधेच लाईट गेली तरी तोपर्यंतचं वाचतं, एमपी४ बऱ्याचदा उघडतच नाही. रेकॉर्डिंगचा फोल्डर क्लाउड सिंकमध्ये नको, माझं अर्धं एक काम त्यातच गेलं.

टेस्ट जेवढ्या वेळाचं काम तेवढ्या वेळाची करा. माझा लॅपटॉप वीस मिनिटं सुतासारखा सरळ चालायचा आणि मग तापून एन्कोडिंग लॅग सुरू, दोन मिनिटांच्या टेस्टमध्ये ते कधी दिसणारच नव्हतं. आता खाली स्टँड, चार्जर लावलेला, पॉवर मोड फुल.

सरांचं दुसऱ्यांदाचं लेक्चर असंच केलं. दोन तास, ३० फ्रेमने २ लाख १६ हजार फ्रेम होतात, त्यातल्या ११ स्किप झाल्या. त्यासुद्धा मला मधे कंटाळा आला आणि मी त्याच लॅपटॉपवर ब्राउझर उघडून बसलो तेव्हाच्या.