मोठी टूरर सोडून छोटी क्रूझर घेतलीत? या चुका टाळा

साताऱ्यात आणि आसपास सध्या बरेच जण मोठी टूरिंगची गाडी विकून ३५० सीसीच्या आसपासची क्रूझर, म्हणजे बुटकी, पाय पुढे ठेवून चालवायची गाडी, घेताहेत. कारणं रास्त आहेत. गुडघे कुरकुरतात, उंच सीटवर पाय टाकताना कंबर धरते, पेठेतल्या गल्लीत एवढं धूड मागे ओढताना दम लागतो. लांबचे दौरे करून झालेले असतात. आता रविवारी सकाळी कास, नाहीतर ठोसेघर, आणि दुपारी जेवायला घरी, एवढंच हवं असतं. निर्णय चांगलाच आहे. पण त्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ही मंडळी ज्या चुका करतात त्या मला पाठ झाल्या आहेत, आणि त्या पुन्हा पुन्हा बघून आता राग येतो. नवशिक्याला निदान भीती असते. तो हळू चालवतो, विचारतो, शिकतो. वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवलेला माणूस कुणालाच काही विचारत नाही. "मोठी झेपली, तर ही काय!" असं म्हणतो आणि किल्ली फिरवतो.

मुळात छोटी गाडी म्हणजे हलकी गाडी, हा समजच चुकीचा आहे. कावासाकी व्हर्सिस ६५० आणि रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० शेजारी उभ्या करा. पहिली सुमारे २२० किलोची, दुसरी १९१ किलोची. वजनातला फरक तीसेक किलोंचा. सीटची उंची मात्र ८४५ मिलिमीटरवरून ७६५वर येते, आणि ताकद ६६ हॉर्सपॉवरवरून २०वर. वजन जवळपास तेवढंच, ताकद तिसऱ्या हिश्श्याहून कमी. पाय जमिनीवर सपाट टेकतात म्हणून ती हलकी वाटते, एवढंच. खालच्या बहुतेक चुका या वाटण्यातूनच होतात.

घाटात जुन्याच वेगाने वळणं घेणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

एखादं वळण एखाद्या वेगाने घ्यायचं, तर कुठलीही गाडी साधारण तेवढीच झुकवावी लागते. गाडी छोटी झाली म्हणून वळण सोपं होत नाही. फरक असा की उंच टूरर त्या वेगाला झुकली तरी तिच्याकडे अजून झुकायला जागा शिल्लक असते. क्रूझरचे फुटरेस्ट खाली आणि पुढे असतात, त्यामुळे तिची जागा तिथेच संपते. मग फुटरेस्ट डांबराला घासतो.

फुटरेस्ट घासणं हे संकट नाही, ती सूचना आहे. त्याच्या टोकाला खाली जी लोखंडी बोंडी असते ती त्यासाठीच असते, आणि फुटरेस्टला बिजागरी असते म्हणून तो वर दुमडतो. संकट त्याच्यापुढे असतं. त्याहून जास्त झुकवलं तर स्टँड किंवा सायलेन्सरसारखा न दुमडणारा भाग टेकतो आणि चाक रस्त्यावरून उचललं जातं. पण बहुतेक जण तिथपर्यंत जातच नाहीत. ते घासल्याच्या आवाजानेच दचकतात आणि त्या दचकण्यातच घात होतो.

आमच्या ग्रुपमधले एक अण्णा आहेत. निवृत्त झाले, गुडघ्यामुळे मोठी गाडी विकली, क्रूझर घेतली. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही कासवरून परत येत होतो. यवतेश्वरचा घाट उतरताना ते पुढे होते, मी मागे. हा घाट त्यांचा घरचा, जुन्या गाडीवर डोळे मिटून उतरायचे. एका डाव्या वळणावर त्यांचा डावा फुटरेस्ट घासला. मला मागून आवाज आला आणि ठिणग्याही दिसल्या. अण्णांनी एकदम एक्सलेटर सोडला आणि पुढचा ब्रेक दाबला. झुकलेल्या गाडीला असा ब्रेक लावला की ती सरळ उभी राहायला बघते, आणि सरळ उभी राहिलेली गाडी वळत नाही. अण्णा थेट रस्त्याच्या उजव्या अंगाला गेले. समोरून जीप वर येत होती. जीपवाला भला माणूस होता. त्याने गाडी आपल्या डावीकडच्या कडेला घेतली आणि जागीच थांबवली. अण्णा त्याच्या नाकासमोरून पलीकडच्या गटारीत उतरले. लेगगार्ड वाकला, क्लचचा लिव्हर मोडला. पायात बूट होते म्हणून घोटा वाचला.

उठून उभे राहिल्यावर ते पहिलं वाक्य काय बोलले? "गाडीतच फॉल्ट आहे रे. उद्याच शोरूमला टाकतो."

मी त्यांना हाताला धरून वळणावर परत नेलं. डांबरावर वीतभर पांढरी ताजी रेघ उमटली होती. फुटरेस्टखालची बोंडी एका बाजूने तिरकी झिजून चकाकत होती. ती रेघ बघितल्यावर ते गप्प झाले. गाडीत काही फॉल्ट नव्हता. घासल्यावर त्यांनी नुसता हात स्थिर ठेवला असता, तर त्या वळणातून गाडी निघून गेली असती.

माझी सवय सांगतो. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, सरळ रस्त्यावर. घाटात दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये शिरायचं आणि वळणभर एक्सलेटर अगदी थोडा, पण एकसारखा उघडा ठेवायचा. तो सोडला की पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉकअप, दबतो, गाडी खाली बसते आणि झुकायला उरलेली थोडी जागाही जाते. खांदे आणि डोकं वळणाच्या आतल्या बाजूला घ्यायचे, म्हणजे गाडी तेवढी कमी झुकवावी लागते. आणि घासलंच तर काही करायचं नाही. नजर वळणाच्या शेवटाकडे, हात होता तिथे. पुढच्या वळणाला दहाने वेग कमी. घासण्याची मजा म्हणून मुद्दाम घासणारी तरुण पोरं मी बघतो. त्यांच्याबद्दल इथे लिहिण्यात अर्थ नाही, ती वाचणार नाहीत.

शॉकअपला हात न लावणं

हे वरच्या चुकीचंच भावंड आहे. मागे बायको बसली, बॅग बांधली की क्रूझरचं बूड खाली बसतं. मग फुटरेस्ट अजून लवकर घासतो आणि न रंगवलेल्या स्पीडब्रेकरवर पोट आपटतं. मीटिऑरच्या मागच्या शॉकअपला कडकपणाच्या सहा पायऱ्या आहेत. टूलकिटमध्ये आकडीसारखा एक पाना असतो, तो यासाठीच. दोन मिनिटांचं काम आहे. मी डबलसीट निघताना दोन-तीन पायऱ्या वर चढवतो, एकटा असलो की परत खाली आणतो. दोन्ही बाजूंना सारख्याच पायऱ्या, एवढं बघायचं. तो पाना प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेल्या गाड्या मी विकायला आलेल्या पाहिल्यात.

ओव्हरटेकचा जुना हिशोब

मोठ्या गाडीवर ओव्हरटेक म्हणजे मनगट फिरवणं. टॉप गिअरमध्ये असलो तरी गाडी निघते. ३५०च्या क्रूझरवर ८०च्या वेगात, पाचव्या गिअरमध्ये एक्सलेटर पिळलात तर आवाज वाढतो, गाडी रेंगाळते. आणि तोपर्यंत तुम्ही समोरच्या लेनमध्ये गेलेले असता.

कागदावर मांडून बघा. ट्रक ५०ने चाललाय, तुम्ही ७०ने. मागचं अंतर, ट्रकची लांबी, पुढे सुरक्षित शिरण्याची जागा मिळून ४० मीटर धरले, तर पार व्हायला सात सेकंद लागतात. त्या सात सेकंदांत तुम्ही साधारण १३५ मीटर गेलात आणि समोरून ८०ने येणारी कार १५५ मीटर. म्हणजे जवळपास ३०० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. मोठ्या गाडीवर याच्या निम्म्या वेळात काम होत होतं, म्हणून डोळ्यांना कमी अंतराची सवय लागलेली असते. ती सवय डोळ्यांतून जायला वेळ लागतो.

आपल्याकडे तर उसाचा हंगाम आहे. नोव्हेंबरपासून पुढे कोरेगाव असो की कराड-पाटण, रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या, दोन्हींतून ऊस बाहेर आलेला. ही गाडी ट्रकपेक्षा लांब असते आणि तिच्या पलीकडचं काही दिसत नाही. मी आधी मागेच अंतर ठेवतो, एक गिअर उतरवतो, कधी दोन, इंजिन बोलायला लागलं की मगच बाहेर काढून बघतो. मोकळं नसेल तर परत आत. दहा मिनिटं ट्रॅक्टरमागे चालण्यात कुणाचा अपमान होत नाही. ज्यांना ती दहा मिनिटं सोसत नाहीत त्यांनी मोठी गाडी विकायलाच नको होती.

ब्रेक शोधणारा पाय

टूररवर पाय गुडघ्याच्या बरोबर खाली असतो. क्रूझरवर तो पुढे असतो आणि ब्रेकचं पॅडलही पुढे. रोजच्या चालवण्यात हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. पण कुत्रं आडवं आलं की पाय जुन्या जागी जातो आणि हवेत दाबतो. म्हणून सराव लागतो. रविवारी सकाळी एमआयडीसीतले रस्ते रिकामे असतात. तिथे ४०च्या वेगातून दोन्ही ब्रेक लावून थांबायचं, पाय न बघता पॅडलवर जाईपर्यंत.

आणखी एक. उंच गाडी जोरात थांबवली की भार पुढे जातो आणि मागचा ब्रेक नावालाच उरतो, म्हणून अनेकांना दोन बोटांनी पुढचाच ब्रेक वापरायची सवय असते. क्रूझर बुटकी असते, भार मागे असतो, तिथे मागचा ब्रेक खरंच काम करतो. तो वापरा. पण गाडीला काय दिलंय ते घेण्याआधी पाहा. बजाज अ‍ॅव्हेंजर २२०ला मागे ड्रम आहे आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला. मोठ्या गाडीसारखा मागचा ब्रेक दणकून दाबलात तर मागचं चाक जाम होऊन घसरणार.

खड्ड्यावर बसून राहणं

टूररवर खड्डा दिसला की आपण फुटरेस्टवर उभे राहतो. क्रूझरवर पाय पुढे असल्याने तसं नीट उभं राहता येत नाही आणि सगळा दणका माकडहाडाला बसतो. शॉकअपचा प्रवासही कमी. यावर गादी, जेलचं कव्हर, कमरेचा पट्टा असे उपाय विकणारे भरपूर आहेत. माझा उपाय फुकट आहे. खड्ड्याच्या आधी ब्रेक लावा आणि खड्ड्यात चाक जायच्या क्षणी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असेल तर फोर्क आधीच आवळलेला असतो, दणका पचवायला त्याच्याकडे काही उरत नाही. आणि तासाभराने उतरून पाय मोकळे करा. क्रूझरवर सलग तीन तास बसणं हा पराक्रम नाही.

बाकीच्या, थोडक्यात

जुन्या गाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या नव्या गाडीवर चढवू नका. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे, उंचावर वजन गेलं की हँडल हलकं पडतं आणि वेगात डोलायला लागतं. मऊ बॅगा, खाली, पुढे, सायलेन्सरपासून लांब.

काच मोठी लावलीत तर चाळकेवाडीच्या पठारावर जपून. पवनचक्क्या तिथे उगाच नाही उभ्या केलेल्या. आडवा वारा काचेला धरतो. हँडल घट्ट आवळायचं नाही, टाकी गुडघ्यांत धरायची.

हवा जुन्या आकड्यांनी भरू नका. मोठ्या गाड्यांना मागे ४२ लागते, म्हणून इथेही ४२ सांगणारे आहेत. आपल्या गाडीवरचा स्टिकर वाचा.

शाफ्टच्या, म्हणजे चेनऐवजी दांड्याने चाक फिरवणाऱ्या, गाडीवरून आला असाल तर चेन नावाची वस्तू आता तुमची आहे. साधारण ५०० किलोमीटरला पुसून स्प्रे, पावसाळ्यात कासच्या चिखलातून आलात की त्याच दिवशी.

पेट्रोलची काळजी उगाच करतात. १५ लिटरची टाकी आणि तिशीच्या पुढचं अ‍ॅव्हरेज म्हणजे मोठ्या गाडीइतकीच मजल.

पहिल्या महिन्यात सायलेन्सर, हँडल, सीट काहीही बदलू नका. गाडी अजून तुम्हाला कळलेली नाही आणि तुम्ही तिला सुधारायला निघालात, ही घाई मला कधीच पटली नाही.

हेल्मेट अर्धं करू नका. क्रूझरवर शोभतं म्हणून फुलफेस कपाटात आणि जॅकेट खुंटीला, असं करणारे शहाणे लोक मी पाहतो तेव्हा जीव खाली-वर होतो. रस्ता तोच आहे, हनुवटी तीच आहे.

जुन्या ग्रुपच्या मागे धावणं

ही शेवटची, आणि पहिल्या चुकीइतकीच मला खुपणारी. रविवारची राइड असते, बाकीचे सगळे मोठ्या गाड्यांवर. आनेवाडी टोलच्या पुढे ते शंभरच्या वर जातात, आणि क्रूझरवाला मान खाली घालून इंजिन किंचाळेपर्यंत पिळत राहतो. ८०-९०ला जी गाडी दिवसभर हसत चालेल, तिचं हँडल झिणझिणतं, आरशात काही दिसत नाही, हात बधिर होतात. मग पाचवडला हायवे सोडून वाईच्या रस्त्याला लागल्यावर, दमलेल्या हातांनी, तोच माणूस पसरणीच्या घाटात वळणं चुकवतो. घाटात चूक झाली असं सगळे म्हणतात. ती चूक हायवेवर सुरू झालेली असते.

आमच्याकडे आता ठरलेलं आहे. क्रूझरवाले वीस मिनिटं आधी निघतात. भेटायचं वाईत, गणपती घाटाजवळ. वाटेत मोठ्या गाड्या मागून आल्या तर हात दाखवायचा आणि जाऊ द्यायचं, पाठलाग करायचा नाही. घाटात क्रूझर पुढे, मोठ्या गाड्या मागे, आणि मागच्याने हॉर्न वाजवायचा नाही. ग्रुपमधल्या कुणाला हे पटत नसेल तर त्याला स्पष्ट सांगा, आणि तरी ऐकत नसेल तर त्या रविवारी एकटे निघा.