फास्ट जीसीत (जलद गॅस क्रोमॅटोग्राफीत) सुरुवातीचे पीक (आलेखावरची शिखरं) पसरत होते: माझा अनुभव

गवती चहाच्या तेलाचं विश्लेषण लवकर व्हावं म्हणून १० मीटर लांब, ०.१ मिमी व्यासाचा कॉलम (घटक वेगळे करणारी बारीक नळी) लावला. उशिरा येणाऱ्या सिट्रलचे दोन्ही पीक सुईसारखे आले. लवकर येणारे हलके घटक, मायर्सीन आणि लिमोनीन, मात्र पसरट, मागे शेपूट. अशा वेळी सगळे कॉलमवर संशय घेतात. माझ्या मते आधी इंजेक्टर (नमुन्याची वाफ करून कॉलममध्ये सोडणारा भाग) बघावा. उशिरा येणारे घटक थंड कॉलमच्या तोंडाशी गोळा होतात, त्यामुळे त्यांच्यात इंजेक्शनचा दोष दिसत नाही. हलक्यांना ती सवलत नाही.

हिशोब सरळ आहे. इंजेक्टरमधल्या ४ मिमीच्या लायनरमध्ये (काचेच्या नळीत) साधारण १ मिली वायू मावतो. कॉलमचा प्रवाह मिनिटाला ०.४ मिली, स्प्लिट १:५० (एक भाग कॉलममध्ये, पन्नास भाग बाहेर). म्हणजे लायनर रिकामा व्हायलाच काही सेकंद जातात, आणि पीक हवा सेकंदाहून अरुंद! मग २ मिमीचा लायनर बसवला, स्प्लिट १:४०० केला, नमुना १ ऐवजी ०.२ मायक्रोलिटर घेतला. मायर्सीनचा पीक ताठ उभा राहिला.

कॅरिअर (नमुना वाहून नेणारा वायू) हायड्रोजन असेल तर स्प्लिट व्हेंटची (जादा वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडाची) नळी एक्झॉस्टला जोडलीच पाहिजे. अगदी सूक्ष्म अंश शोधायचे असतील तर हा मोठ्या स्प्लिटचा उपाय चालत नाही, बहुतेक नमुना व्हेंटमधूनच निघून जातो. तिथे पीटीव्ही (तापमान ठरवून वाढवता येणारा इंजेक्टर) लागतो.