पेंटबॉलच्या मैदानाची जाळी: टक्के विचारू नका, गोळी मारून बघा

दुकानात ‘जाळी पाहिजे’ म्हटलं की समोरून प्रश्न येतो, “किती टक्क्यांची देऊ भाऊ? पंच्याहत्तर, का नव्वद?” नागपुरात हा प्रश्न साहजिक आहे. उन्हाळ्यात इथे सिग्नलवरसुद्धा हिरवी शेडनेट ताणतात. पण हा टक्का सावलीचा आहे, ताकदीचा नाही. ९० टक्के म्हणजे एवढं ऊन अडतं. पेंटबॉलच्या खेळातली रंग भरलेली गोळी अडेल का, हे त्या आकड्यातून कळत नाही.

हिंगणा रस्त्याला मैदान उभं करताना मी तो आकडा धरूनच पहिली जाळी आणली. तिसऱ्याच रविवारी जोडावरून एक गोळी आरपार गेली आणि पलीकडे बसलेल्या एका आईच्या खुर्चीच्या पाठीवर फुटली. त्यांच्या चेहऱ्यावर मास्क नव्हता. वीतभर वर लागली असती तर काय झालं असतं, ते आजही मनातून जात नाही. म्हणून हे सगळं लिहितो आहे.

आधी गोळी ओळखा

नेहमीची पेंटबॉल गोळी ०.६८ इंचाची, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर व्यासाची, आणि ३ ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. बहुतेक मैदानांवर वेगाची मर्यादा सेकंदाला २८० ते ३०० फूट असते, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या वर. डोळा जायला एवढा वेग पुरेसा आहे. लहान मुलांसाठी ०.५० इंचाची गोळी वापरणार असाल तर जाळीची भोकं तिच्या मापानेही तपासा.

क्रिकेटची नायलॉन जाळी आणि कबुतरांची जाळी इथे बाद. त्यांच्या भोकांतून गोळी सरळ निघून जाते.

कोणती जाळी मागायची

शक्य असेल तर खास पेंटबॉलसाठी विणलेली जाळी घ्या. अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेची यासाठी वेगळी मानकं आहेत: एफ२२७८ जाळीच्या चाचणीचं, एफ२१८४ ती उभारण्याचं. विक्रेत्याकडे चाचणीचा कागद मागा आणि तो त्याच जाळीचा आहे ना, हे बघा.

ते बजेटात बसत नसेल तर जाड, घट्ट विणीची एचडीपीई (एक टिकाऊ प्लास्टिक) शेडनेट बघता येते, पण तिला खालची परीक्षा पास व्हावी लागेल. चपट्या पट्टीची नको, गोल धाग्याची मागा. ती जास्त टिकते. टक्क्यांऐवजी जीएसएम, म्हणजे चौरस मीटरचं वजन विचारा. यूव्ही संरक्षण लेखी घ्या, कारण मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि साधा धागा उन्हाने ठिसूळ होतो. रंग काळा बरा. काळी जाळी उन्हाला जास्त तग धरते आणि तिच्यातून खेळही स्पष्ट दिसतो.

परीक्षा

ही पायरी कुणीही गाळू नये. दोन मीटरचा तुकडा विकत आणा, फुकट मिळायची वाट बघू नका. तो दोन बांबूंमध्ये थोडा सैल टांगा आणि मागे हातभर अंतरावर पांढरा कागद लावा. मार्करच्या, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीच्या, गोळीचा वेग क्रोनोग्राफ या वेगमापकावर मोजून मैदानाच्या कमाल मर्यादेवर आणा. सगळ्यांनी मास्क लावायचे. मग खेळाडू जाळीच्या जितका जवळ येऊ शकतो तितक्या अंतरावरून एकाच जागी पाच-सहा गोळ्या मारा. तेच जोडावर आणि काठावर करा. धागा सरकला, भोक पडलं किंवा कागदावर आख्ख्या गोळीचा ठसा उमटला तर ती जाळी नको. नुसते रंगाचे शिंतोडे आले तर जाळी चालेल, पण प्रेक्षकांसमोर तिचा एक पदर पुरणार नाही.

माप आणि बचत

समजा मैदान १०० बाय ५० फुटांचं आहे, म्हणजे घेर ३०० फूट. शेडनेटचा रोल बहुधा ३ मीटर रुंद आणि ५० मीटर लांब, म्हणजे साधारण १० बाय १६४ फुटांचा मिळतो. दोन रोल उंचीत एकावर एक लावले, जोडाला फूटभर भाग एकमेकांवर चढवला आणि खाली फूटभर आत दुमडला, तर १८ फुटांची उंची कापाकापी न करता मिळते. चार रोलमध्ये पूर्ण घेर होतो आणि झोळासाठीही जाळी उरते.

दुसरा पदर फक्त प्रेक्षकांच्या बाजूला, हातभर अंतर सोडून लावा. ती बाजू ५० फुटांची असेल तर एक रोल पुरतो. सगळीकडे दुहेरी लावली असती तर आठ रोल लागले असते, इथे पाचात भागलं. जिथे आधीच पक्की भिंत आहे तिथेही वाचतं. रस्त्याच्या बाजूला मात्र कधीच हात आखडता घेऊ नका. मार्कर वर करून मारला तर गोळी ८०-९० मीटरपर्यंत जाऊ शकते.

खांब

नागपूरच्या काळ्या मातीने भल्याभल्यांचे खांब वाकवले आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आक्रसते. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्या आणि मग काँक्रीट करा. लोहाओळीत, म्हणजे लोखंडाच्या बाजारात, जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) पाइप मिळाले तर जरूर घ्या, फक्त आतला गंज तपासा. कोपऱ्याच्या खांबांना बाहेरून तणावाच्या तारा द्या, कारण घट्ट विणीची जाळी वाऱ्यात शिडासारखी फुगते. जूनच्या पहिल्या वादळात मी दोन खांब असेच गमावले.

टांगणी

वरून तारेचा दोर ताणा, त्यावर हुकांनी जाळी लावा आणि कप्पी बसवा, म्हणजे वादळाआधी ती पाच मिनिटांत खाली येते. जाळी तबल्यासारखी ताणू नका. सैल जाळी गोळीचा जोर पिते, ताणलेली फाटते. साधे केबल टाय उन्हात तडकतात, त्याऐवजी नायलॉनची दोरी बांधा. खालच्या दुमडीवर वाळूची पोती ठेवा आणि पाऊस ओसरला की मातीच्या भेगांमुळे खाली फट पडली आहे का, ते वाकून बघा.

मास्क न लावता बसायचं ते फक्त दुहेरी जाळीमागे, तेही तीन-चार पावलं दूर.

रंग पाण्याने निघतो, म्हणून सुकून भोकं बुजायच्या आत पाइपने धुऊन टाका. मेच्या अखेरीस आणि दिवाळीच्या आधी कागद लावून तीच परीक्षा पुन्हा घ्या. नापास झालेली जाळी दुचाकींच्या पार्किंगवर ताणा. तिथे तिचे ९० टक्के खरोखर कामाला येतात.